बोदातलं तांबं : प्रकल्पाच्या नोंदी

६ जुलै

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषय मान्य केला. एम.एस्सी.चा प्रकल्प आमच्याच बागेवर करायचा. वर्षानुवर्षं बुरशीसाठी मोरचूद (कॉपर सल्फेट) मारून द्राक्षबागेच्या मातीत साठलेलं तांबं तिथल्या सूक्ष्मजीवांचं काय करतं, आणि त्यातही नत्राचं चक्र चालवणाऱ्या जिवाणूंचं काय होतं, हे बघायचं.

विषय पुस्तकातून उचललेला नाही. गेल्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची ऑक्टोबरातली छाटणी) देठ परीक्षणाचा अहवाल आला, पानाच्या देठात नायट्रेट कमी. सल्ला मिळाला की अमोनियम सल्फेट वाढवा. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ठिबकमधून वाढवलं. दुसऱ्या अहवालातही फरक नाही. खत दिलंय, पाणी दिलंय, पांढरी मुळी दिसतेय, मग नत्र जातंय कुठे, हे आप्पांनी जेवताना तीन-चार वेळा विचारलं. मी मृदाशास्त्र शिकते आणि मला आमच्याच जमिनीतलं सांगता येईना. ते मनाला लागलं.

जमीन आरोग्य पत्रिका काढून बघितली. बारा रकाने, त्यात तांब्यासमोर 'पुरेसे'. हा शब्द खटकला. पत्रिकेतली तांब्याची चाचणी डीटीपीए द्रावणाची (पिकाला मिळू शकणारा धातू मातीतून सोडवून घेणारं रसायन), लिंडसे आणि नॉर्वेल यांनी १९७८ साली मांडलेली. किलोभर मातीत ०.२ मिलिग्रॅमच्या खाली गेलं तर कमतरता, वर गेलं की पुरेसं. आकडा ०.३ असो की ३०, शब्द तोच. पिकाला काय कमी पडतंय ते शोधायला ही चाचणी बनली, जास्त झालेलं सांगणं तिचं काम नव्हतंच. पण शेतकरी कागद वाचतो, 'पुरेसे' बघतो, आणि तांब्याचा विषय तिथे मिटतो.

७ जुलै

आप्पांच्या फवारणीच्या वह्या घेऊन बसले. बाग २२ वर्षांची. आधीच्या वह्या उंदरांनी खाल्ल्या, पण शेवटच्या नऊ वर्षांच्या शाबूत आहेत. तारीख, औषध, पाणी किती, कोणत्या प्लॉटवर, सगळं त्यांच्या ठसठशीत अक्षरात.

हिशोब असा. एक टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि त्याला लागणारा कळीचा चुना. मोरचुदात निव्वळ तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे १०० लिटरला २५० ग्रॅम. एकरी ४०० लिटरची फवारणी झाली की एक किलो तांबं बागेत पडलं. कॉपर ऑक्सिक्लोराईडच्या पुड्यात निम्मं तांबं असतं. लिटरला अडीच ग्रॅमने ४०० लिटर म्हणजे एक किलो पावडर, अर्धा किलो तांबं. गेल्या वर्षीच्या वहीत बोर्डोच्या तीन आणि ऑक्सिक्लोराईडच्या दोन फवारण्या सापडल्या. एकरी चार किलो.

आता माती. एक एकर, वरचा १५ सेंटिमीटरचा थर, आमच्या काळ्या जमिनीची घनता धरून साधारण आठ लाख किलो भरते. एक किलो तांबं त्यात नीट कालवलं तर किलोला सव्वा मिलिग्रॅमची भर. चार किलोला पाच मिलिग्रॅम. दर वर्षी.

युरोपीय संघाने २०१९ पासून तांब्याला सात वर्षांत हेक्टरी २८ किलोची मर्यादा घातली आहे, सरासरी वर्षाला चार किलो. एकरात सांगायचं तर वर्षाला १.६ किलो. आमच्या एक टक्का बोर्डोच्या दोन फवारण्यांतच ती सरासरी ओलांडते. हा आकडा लिहून त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले.

कीटकनाशकाचा रेणू आज ना उद्या फुटतो. तांबं मूलद्रव्य आहे, ते फुटणार कुठून? पानावरून पावसाने धुऊन मातीत, नाहीतर पानाबरोबर गळून मातीत. तिथून ते फारसं खालीही जात नाही, सेंद्रिय पदार्थाला आणि चिकणमातीला घट्ट धरून बसतं. डेन्मार्कमध्ये ह्युगुम नावाच्या जागी १९११ ते १९२४ या काळात लाकूड टिकवण्यासाठी मोरचूद वापरत. कारखाना बंद होऊन शंभर वर्षं झाली, तांबं अजून तिथल्या मातीत आहे, आणि जगभरचे अभ्यासक त्याच शेतात नमुने घ्यायला जातात.

११ जुलै

पहिले नमुने. तीन जागा ठरवल्या:

बोद, म्हणजे वेलीच्या ओळीतला उंचवटा. फवाऱ्याचा थेंब, गळलेलं पान, ठिबकचं खत, शेणखत, सगळं इथेच.

दोन ओळींमधला पट्टा, जिथून ट्रॅक्टर आणि ब्लोअर जातो.

बांधापलीकडची सोयाबीनची पट्टी. माती तीच काळी, भाऊ-भाऊ वाटणी होण्याआधी एकच शेत होतं. तिथे द्राक्ष कधी लागलं नाही.

बोद उकरताना एक गोष्ट दिसली, ती आजपर्यंत रोज बघूनही बघितली नव्हती. वरच्या ओल्या पानांखाली गेल्या वर्षीची पानं होती, आणि ती ओळखू येत होती. काळपट तपकिरी, शिरांसकट, कडा दातेरी, काहींवर अजून निळसर पांढरा थर. हातात घेतलं की पापडासारखी मोडत होती पण कुजलेली नव्हती. सोयाबीनच्या पट्टीत गेल्या वर्षीचा पाला शोधून सापडत नाही, तो मातीच झालेला आहे. बोदात टोपलंभर माती उकरून गांडूळ एक. बांधापलीकडे पहिल्याच कुदळीला चार.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेकडच्या ॲव्होकॅडो बागांमध्ये हेच नोंदवलेलं आहे. तांब्याच्या फवारण्यांनी गांडुळं हटली, आणि झाडाखाली पाल्याचा थर न कुजता साचत गेला. वाचलं तेव्हा ते दूरचं वाटलं होतं.

१३ जुलै

नमुने वाया गेले.

पिशव्या व्हरांड्यात ठेवून मी कॉलेजला गेले. आप्पांनी त्या उघडून माती गोणपाटावर सावलीत पसरली, ढेकळं फोडली, काड्या वेचल्या, चाळणीने चाळली. "माती परीक्षणाला अशीच लागते ना," म्हणाले. लागतेच. गेली वीस वर्षं त्यांना प्रत्येक कृषी सहायकाने हेच सांगितलंय. स्फुरद, पालाश मोजायला वाळलेली मातीच योग्य. जिवाणू मोजायला मात्र ती ओली हवी, शेतातून आणल्या अवस्थेत, चार अंश तापमानात ठेवलेली. सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही. चूक माझी.

वाळलेली माती टाकून दिली नाही, तांब्याच्या मोजणीला चालेल. पण श्वसनाला घेतली असती तर घात झाला असता. कोरडी माती पुन्हा भिजवली की मेलेल्या पेशींचं आणि मोकळ्या झालेल्या कर्बाचं खाद्य मिळून उरलेले जिवाणू एकदम उसळतात, दोन दिवस कार्बन डायऑक्साइडचा लोंढा येतो. एच. एफ. बर्च यांनी पूर्व आफ्रिकेच्या मातीत १९५८ साली हे नीट मांडलं, त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. उन्हाळ्यानंतरच्या पहिल्या पावसात पीक एकदम हिरवं का दिसतं, त्यातलाही काही भाग हाच.

१६ जुलै

पुन्हा नमुने, या वेळी आप्पा सोबत. प्रत्येक जागेच्या पाच ठिकाणची माती एकत्र केली, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी प्रयोगशाळेत नेली. दोन मिलिमीटरच्या चाळणीतून ओलीच चाळायची म्हणजे हाताचं काम. आमची काळी माती चाळणीला चिकटते, बोटांनी दाबून काढावी लागते. प्रयोगशाळेतले मामा मदतीला बसले, रात्रीचे आठ वाजले.

२४ जुलै

तांब्याची मोजणी झाली. आकडे तक्त्यात आहेत. इथे एवढंच लिहिते की बोद, मधला पट्टा आणि सोयाबीन यांत उतरती पायरी सरळ दिसते, आणि पहिली पायरी फार उंच आहे. पत्रिकेच्या भाषेत तिन्ही 'पुरेसे'.

सामू (पीएच) तिन्हीकडे आठच्या वर, हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की माती फसफसते. ही चुनखडी आमच्या बाजूची आहे. अशा मातीत तांबं विरघळलेल्या रूपात फार कमी राहतं, जिवाणूला प्रत्यक्ष लागणारं त्याहून कमी. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत एवढंच तांबं टाकलं तर परिणाम कितीतरी तीव्र येईल. एकूण तांब्याच्या आकड्याला घाबरून निष्कर्ष काढायचा नाही, हे मॅडम पहिल्या दिवसापासून सांगतायत.

२ ऑगस्ट

श्वसन. बरणीत ५० ग्रॅम माती, आत सोडियम हायड्रॉक्साइडची छोटी बाटली, झाकण घट्ट. माती श्वास सोडते, कार्बन डायऑक्साइड बाटलीतल्या अल्कलीत मुरतो. आठवड्याने बेरियम क्लोराइड घालून, फिनॉल्फ्थेलिनचे दोन थेंब टाकून, ब्युरेटने आम्ल सोडत राहायचं. गुलाबी रंग गेला की थांबायचं. किती अल्कली उरली त्यावरून मातीने किती श्वास सोडला ते कळतं.

बोद मागे पडेल असं मी धरून चालले होते. पडला नाही. सोयाबीनच्या बरोबरीने, एका बरणीत जरा जास्तच. दोन वेळा पुन्हा केलं, तेच.

संध्याकाळी सेंद्रिय कर्बाचा आकडा शेजारी ठेवला तेव्हा उलगडायला लागलं. बोदात दर वर्षी शेणखत पडतं, तिथला कर्ब जास्त. त्या मानाने श्वसन खूप जास्त असायला हवं होतं. भरल्या ताटावर बसून कोणी अर्धी भाकरी खावी तसं.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. श्वसन हे मातीतल्या जवळजवळ प्रत्येक जिवाचं काम आहे. तांब्याने दहा जातींना मागे सारलं तर अकरावी जात त्यांच्या जागी बसून साखर खाते, एकूण आकडा ढळत नाही. म्हणून श्वसन चांगलं आलं म्हणजे माती ठीक आहे, असं म्हणता येत नाही. जे काम मोजक्याच हातांत आहे ते तपासायला हवं. अमोनियाचं नायट्राइट करणं, म्हणजे नायट्रीकरणाचा पहिला टप्पा, हे तसं काम; दुसऱ्या टप्प्यात नायट्राइटचं नायट्रेट होतं. नायट्रोसोमोनास, नायट्रोसोस्पिरा, काही आर्किया (जिवाणूंसारखे दिसणारे पण वेगळ्या कुळाचे सूक्ष्मजीव), आणि २०१५ मध्ये सापडलेले, दोन्ही टप्पे एकट्याने करणारे नायट्रोस्पिरा. यादी संपली. बरं, हे जीव वाढतात फार सावकाश. ई. कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो, नायट्रोसोमोनासला मनासारखं सगळं दिलं तरी आठ-दहा तास लागतात, मातीत दिवस. एकदा मार बसला की भरून यायला वेळ लागतो.

९ ऑगस्ट

आजचा दिवस सविस्तर लिहिते.

नायट्रीकरणाची क्षमता मोजायची होती. पाच ग्रॅम ओली माती, अमोनियम सल्फेटचं फॉस्फेटयुक्त द्रावण, आणि त्यात सोडियम क्लोरेट. क्लोरेट दुसरा टप्पा अडवतो, नायट्राइटचं नायट्रेट होऊ देत नाही. त्यामुळे पहिल्या गटाने जेवढं नायट्राइट बनवलं तेवढं द्रावणात साचून राहतं आणि मोजता येतं. फ्लास्क हलवणीवर लावले, खोलीचं तापमान २५ अंश. दोन तासांनी पहिला नमुना, पाच तासांनी दुसरा.

पाच वाजता गाळलेलं द्रावण परीक्षानळ्यांत घेतलं. नऊ नळ्या, प्रत्येक जागेच्या तीन. सगळ्या पाण्यासारख्या स्वच्छ. ग्रीस अभिकर्मक घातला, नायट्राइट असलं की तो गुलाबी होतो, आणि स्टँड खिडकीत उजेडाला धरला.

सोयाबीनच्या नळ्यांत रंग लगेच चढायला लागला. आधी वरच्या बाजूला धूसर, मग खाली उतरत गेला, आणि दहा मिनिटांत तिन्ही नळ्या डाळिंबाच्या दाण्यासारख्या गुलाबी. मधल्या पट्ट्याच्या त्याहून फिक्या, जास्वंदीची पाकळी पाण्यात राहिल्यावर उतरते तशा. बोदाच्या तीन नळ्यांत मी वाट बघत राहिले. वीस मिनिटांनी पांढरा कागद मागे धरला तेव्हा हलकी झाक दिसली. मामा खांद्यावरून वाकून बघत होते, म्हणाले, "यात तू अभिकर्मक टाकलाच नाहीस." टाकला होता. खात्रीसाठी त्याच नळीत नायट्राइटच्या प्रमाणित द्रावणाचा एक थेंब सोडला, नळी क्षणात गुलाबी झाली. अभिकर्मक चांगला होता, नायट्राइटच नव्हतं.

५४० नॅनोमीटरवर वाचन घेतलं, तक्त्यात आहे. आकड्यापेक्षा मला तो स्टँड आठवत राहील. त्या मातीत मी लहानपणी अनवाणी फिरलेय.

१० ऑगस्ट

रात्री वाचताना एक गोष्ट ध्यानात आली. अमोनियावर पहिला हात टाकणारं विकर, अमोनिया मोनोऑक्सिजनेज, त्याला स्वतःला काम करायला तांबं लागतं. चक्राच्या दुसऱ्या टोकाला नायट्रस ऑक्साइडचा निरुपद्रवी नत्रवायू करणारं विकरही तांब्याचंच. तांब्यावाचून हे जिवाणू चालत नाहीत, आणि तांबं वाढलं की तेच आधी अडखळतात. चिमूटभर मीठ आणि मूठभर मीठ, तेवढाच फरक.

१९ ऑगस्ट

सोयाबीनच्या स्वच्छ मातीत मुद्दाम मोरचूद कालवला, चार पायऱ्यांत. तीन दिवसांनी नायट्रीकरण मोजलं. वरच्या दोन पायऱ्यांवर रंग जवळपास गेला. मी खूष होऊन मॅडमना दाखवलं.

मॅडमनी शांतपणे विचारलं, "सामू बघितलास?" बघितला नव्हता. मोरचूद घातला की माती थोडी आम्ल होते, आणि नायट्रीकरणाला आम्लता मानवत नाही. शिवाय कालचं तांबं आणि वीस वर्षांचं तांबं एक नाही. ताजं तांबं मोकळं असतं, जुनं हळूहळू चुन्यात, लोहाच्या थरांत, सेंद्रिय पदार्थांत रुतत जातं. म्हणून प्रयोगशाळेतल्या बरणीत विषारी ठरलेली मात्रा शेतात तेवढी विषारी असेलच असं नाही. उलट शेतात वर्षानुवर्षं राहिलेल्या जिवाणूंपैकी तांबं सोसणारे टिकून पुढे येतात. जस्ताच्या बाबतीत २००९ साली प्रसिद्ध झालेल्या कामात दूषित मातीत नायट्रीकरण काही काळाने परतलं, ते बॅक्टेरियांनी परत आणलं, आर्कियांनी नाही. म्हणजे काम सावरू शकतं, पण करणारे बदलतात.

सामू सारखा करून प्रयोग पुन्हा केला. परिणाम कमी झाला, गेला नाही. चारही बरण्या ठेवून देतेय. ओलावा राखून, झाकणाला भोक ठेवून. दर दोन महिन्यांनी वाचन.

२५ ऑगस्ट

मॅडमशी दीड तास चर्चा. त्यांचा परवाचा आक्षेप योग्य आहे आणि मला तो आधीच सुचायला हवा होता. नायट्रीकरण मंदावलं तर बिघडलं काय? आपण कडुनिंबाचं तेल लावलेला युरिया वापरतो तो याचसाठी, की अमोनियमचं नायट्रेट सावकाश व्हावं आणि पाण्याबरोबर वाहून जाऊ नये. देशात २०१५ पासून सगळाच युरिया निंबोळीयुक्त केला. मग बोदात तेच होत असेल तर ते वाईट कसं?

दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं. कडुनिंब काही आठवडे धरतं आणि सोडतं, शेतकऱ्याने ठरवलेल्या हंगामात. तांबं सोडत नाही. आणि आमच्या देठ परीक्षणात नायट्रेटच मोजतात. वेल अमोनियमही घेते, पण अहवालात ते दिसत नाही. त्यामुळे अहवाल 'कमी' म्हणतो, सल्लागार 'वाढवा' म्हणतो, आणि आप्पा खत ओततात. चुनखडीच्या, आठ सामूच्या मातीत अमोनियम साचून राहिलं तर त्यातलं काही अमोनिया होऊन हवेत उडतं. पिशवीचे पैसे उडतात.

मॅडमनी मान डोलावली. मग म्हणाल्या, "हे प्रबंधात 'शक्यता' म्हणून लिही." लिहीन. बोदाची क्षारता, खतांचा मारा, बुरशीनाशकांतली बाकीची औषधं, यांचा वाटा मी वेगळा काढू शकलेले नाही. तांब्यामुळेच देठात नायट्रेट कमी आलं असं मी कुठेही म्हणणार नाही.

२७ ऑगस्ट

तागाचा प्रयोग लावला. आम्ही दर वर्षी मधल्या पट्ट्यात ताग टाकतो, फुलावर आला की गाडतो. हवेतलं नत्र मुळांवरच्या गाठींत धरलं जातं, असं सगळेच सांगतात. बोदाजवळच्या तागाला ते जमतं का?

थेट शेतातली मुळं मोजून उपयोग नाही. बोदात आधीच नत्र भरपूर, आणि मातीत नत्र असलं की शेंगवर्गी झाड गाठी करायच्या भानगडीत पडतच नाही. म्हणून वाळू. धुतलेली, निर्जंतुक केलेली वाळू, नत्र सोडून बाकी सगळं असलेलं पोषक द्रावण, निर्जंतुक केलेलं बी. वरून प्रत्येक जागेच्या मातीची चमचाभर पाण्यातली राड. झाडाला सगळं सारखं मिळालं, फरक फक्त कोणत्या मातीतले जिवाणू आले याचा. राड न घातलेल्या तीन कुंड्या वेगळ्या.

हे करायचं डोक्यात आलं ते इंग्लंडमधल्या वोबर्नच्या प्रयोगामुळे. रोदॅमस्टेड संशोधन केंद्राने तिथे १९४२ ते १९६१ सांडपाण्याचा गाळ शेताला घातला. गाळात जस्त, कॅडमियम, तांबं. गाळ बंद होऊन दोन दशकं उलटल्यावर गिलर, मॅकग्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या मातीत पांढरा क्लोव्हर वाढवला, तर झाड पिवळं, खुरटं. मुळांवर गाठी होत्या! पण बारीक, पांढुरक्या, नत्र न धरणाऱ्या. धातूंना टिकून राहिलेला रायझोबियम, म्हणजे गाठी करणारा जिवाणू, नेमका निकामी वाणाचा होता, काम करणारे वाण मातीतून नाहीसे झाले होते. १९८९ साली त्यांनी हे छापलं. मोजणाऱ्याने नुसती गाठ बघून समाधान मानलं असतं तर कधीच कळलं नसतं.

३ ऑक्टोबर

कुंड्या उपटल्या. पाच आठवडे झाले.

राड न घातलेल्या तिन्ही पिवळ्या, गाठ एक नाही. म्हणजे निर्जंतुकीकरण नीट झालं होतं, हायसं वाटलं.

सोयाबीनच्या मातीची झाडं हिरवीगार. मुळं पाण्यात हलकेच हलवून वाळू सोडवली. मुख्य मुळाच्या वरच्या भागावर गाठींचा झुपका, मोहरीएवढ्या ते ज्वारीच्या दाण्याएवढ्या. एक गाठ ब्लेडने मधून कापली. आत ओलसर लालसर गुलाबी, बोटाला रंग लागला. तो लेगहिमोग्लोबिनचा रंग, आपल्या रक्तातल्या द्रव्याचाच भाऊबंद. तो दिसला म्हणजे गाठ कामावर आहे.

बोदाची झाडं उंचीला कमी, पानं फिकट, पण पिवळी नाहीत. गाठी आहेत. कमी, आणि मुळाच्या खालच्या भागात, म्हणजे उशिरा लागलेल्या. एकेक कापत गेले. पहिली गुलाबी. दुसरी गुलाबी. तिसरी आतून पांढरट हिरवी, कच्च्या वाटाण्यासारखी. मग पुन्हा गुलाबी. वोबर्नसारखं सगळं संपलेलं नाही. काम करणारे अजून आहेत आमच्या बोदात, विरळ झालेत. कापता कापता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं होतं.

आईला फोन केला. तिला लेगहिमोग्लोबिन सांगितलं नाही, "गाठी आतून लाल आहेत" एवढंच सांगितलं. ती म्हणाली, "मग माती जिती आहे की."

१४ ऑक्टोबर

घरी. गोडी छाटणी परवापासून, मजूर ठरलेत. रात्री आप्पांसमोर वही, नळ्यांचे फोटो, कापलेल्या गाठींचे फोटो ठेवले. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत.

"म्हणजे मोरचूद बंद करायचा म्हणतेस?"

"नाही आप्पा. पोंग्यात, फुलोऱ्यात पाऊस झाला आणि डाऊनी, म्हणजे केवडा रोग, आला तर घड जातात, हे मी लहानपणापासून बघतेय. बंद करायचं नाही. किती पडतंय ते मोजायचं."

"माझ्या वडिलांनी सांगितलेलं, निळं झाल्याशिवाय पान वाचत नाही."

त्यांच्या वडिलांचं बरोबर होतं. १८८५ साली फ्रान्समधल्या बोर्डो शहरात वनस्पतिशास्त्रज्ञ मिलार्दे यांनी हे मिश्रण जाहीर केलं. वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर निळं काहीतरी शिंपडलेलं, आणि नेमक्या त्याच वेलींना डाऊनी कमी, हे त्यांच्या नजरेत भरलं. तिथून हे आमच्या आजोबांच्या पंपापर्यंत आलं. त्याने बागा वाचवल्या. त्या वेळी वर्षाला किती, आणि पन्नास वर्षांत किती, हा प्रश्न कोणापुढे नव्हता.

ठरलं ते असं. पावसाळी फवारणीत एक टक्क्याऐवजी अर्धा टक्का बोर्डो, आणि ब्लोअरचे नोझल बदलून पान ओलं होईल एवढंच, बोदावर थेंब गळेपर्यंत नाही. पूर्वेकडच्या चार ओळींवर प्लास्टिक आच्छादन, पान कोरडं राहिलं तर डाऊनीच नाही आणि तांबंही नाही. खर्च आहे, म्हणून चारच ओळी. अमोनियम सल्फेट मागच्या वर्षीइतकंच, वाढवायचं नाही, आणि देठाबरोबर बोदाच्या मातीतलं अमोनियमही मोजायचं. ते मी करीन. बोदात शेणखत घालणं थांबवायचं नाही, तांब्याला धरून ठेवायला ते लागतं.

आप्पांनी नवी वही काढली. तारीख, औषध, पाणी, प्लॉट. पट्टी घेऊन आणखी एक रेघ ओढली आणि रकान्यावर लिहिलं, 'तांबं किलो'. मग मला विचारलं, "ऑक्सिक्लोराईडचं निम्मं ना?"

१५ ऑक्टोबर

बोदाच्या पाच ठिकाणांना लोखंडी खुणा ठोकल्या, म्हणजे पुढच्या वेळी त्याच जागेची माती मिळेल. आच्छादनाच्या चार ओळींत आणखी पाच. पुढचे नमुने एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या आधी. बर्फाचा डबा आप्पा तालुक्याहून आणून ठेवणार आहेत.